‘स्पीड’मध्ये हात भरभर चालतो, तरी डाव का जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघा मित्रमैत्रिणींनी पत्त्यांतला ‘स्पीड’ खेळायला सुरुवात केली. खेळ आवडला, पण तीन ठिकाणी घोडं अडतंय. दोघांचे पत्ते एकदम पडले की कुणाचा आधी, यावरून दर डावात वाद होतो. विचारणाऱ्यांचं म्हणणं, ‘माझा हात चौघांत सगळ्यात चपळ, तरी सगळ्यात जास्त डाव माझेच जातात.’ आणि खेळ दोघांचा, माणसं चार. मग उरलेल्या दोघांनी काय करायचं?

मी गेली १८ वर्षं दर आठवड्याला पत्त्यांच्या आणि पटावरच्या खेळांची बैठक घेते. त्यात स्पीड इतक्यांना शिकवलाय की आता समोरच्याने पत्ते हातात कसे धरलेत यावरून तो कुठे अडखळणार याचा अंदाज येतो. तुमच्या प्रश्नात मला हाताचा वेग ही अडचण दिसतच नाही. चपळ हाताची माणसं या खेळात सर्रास हरतात. तुमची नजर बहुतेक स्वतःच्या हातातल्या पत्त्यांवर खिळलेली असते आणि मध्ये काय घडलं ते तुम्हाला अर्धा क्षण उशिरा कळतं. त्या अर्ध्या क्षणात समोरच्याचा पत्ता पडलेला असतो. वाद आणि हार या दोन्हींचं मूळ तिथेच आहे असं मला वाटतं.

आधी मांडणी सांगते, कारण निम्मी भांडणं चौघांनी चार ठिकाणी चार प्रकारे शिकल्यामुळे होतात. एक कॅट, जोकर बाजूला, ५२ पत्ते. प्रत्येकाच्या हातात ५ पत्ते आणि शेजारी १५ पत्त्यांची पालथी गड्डी. दोघांचे मिळून ४० झाले. उरलेल्या १२ पैकी २ पत्ते मध्ये शेजारी शेजारी पालथे, आणि त्यांच्या दोन बाजूंना ५-५ पत्त्यांच्या राखीव गड्ड्या. एक, दोन, तीन म्हणून मधले दोन पत्ते दोघांनी एकदम उलटले की खेळ सुरू. पाळी नाही. मधल्या कुठल्याही पत्त्यावर त्याच्याहून एकाने मोठा किंवा एकाने लहान पत्ता टाकायचा, रंग बघायचा नाही. सत्तीवर छक्की चालेल, अठ्ठी चालेल. राजावर राणी किंवा एक्का, एक्क्यावर राजा किंवा दुर्री. साखळी गोल फिरते. हातातले कमी झाले की आपल्या गड्डीतून पाचापर्यंत भरायचे. दोघांनाही काही टाकता येईना, की राखीव गड्ड्यांतला वरचा एकेक पत्ता दोघांनी एकाच वेळी मधल्या ढिगांवर उलटायचा. हात आणि गड्डी दोन्ही ज्याचे आधी संपतील त्याचा डाव.

राखीव गड्ड्याच संपल्या तर? आम्ही मधल्या दोन ढिगांचा वरचा एकेक पत्ता तसाच ठेवतो, खालचे सगळे गोळा करून पिसतो आणि दोन भाग करून पुन्हा बाजूला मांडतो. काही जण सगळंच उचलून पिसतात. दोन्ही चालतं, फक्त डावाच्या आधी ठरलेलं हवं.

तुमच्यातल्या कुणी ‘स्पिट’ शिकलं असेल तर तो भाऊबंद पण वेगळा खेळ आहे. त्यात पत्ते अर्धे अर्धे वाटतात, हातात धरायचे नसतात. प्रत्येकाच्या पुढ्यात १, २, ३, ४, ५ पत्त्यांचे पाच ढीग असतात, वरचा पत्ता उताणा, आणि शेवटी लहान ढिगावर थाप मारण्याची चढाओढ. एकाच्या डोक्यात स्पिट आणि दुसऱ्याच्या डोक्यात स्पीड असेल, तर दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि भांडण काही मिटत नाही.

आता ‘माझा आधी पडला’ हा वाद. हा पत्तेच मिटवतात, पंच लागत नाही. समजा मध्ये सत्ती आहे. तिच्यावर फक्त छक्की किंवा अठ्ठी बसते. तुम्ही अठ्ठी टाकली आणि त्याच क्षणी समोरून छक्की आली. खाली कोण आहे ते बघा. जो पत्ता खाली, तो आधीचा. वरचा मागे घ्यायचा. यातली गंमत अशी की वरचा पत्ता आता तसाही बसत नाही. अठ्ठीवर छक्की चालत नाही, छक्कीवर अठ्ठी चालत नाही आणि अठ्ठीवर अठ्ठीही नाही. म्हणजे दोघांनी एकाच पत्त्यावर नेम धरला असेल, तर उशिरा पडलेला पत्ता नियमातच चुकीचा ठरतो. ‘आधी कोण’ हे विचारायचीच गरज उरत नाही. ‘वरचा पत्ता बसतो का’ एवढंच विचारायचं. काही घरांत सारख्यावर सारखा चालतो. तिथे अठ्ठीवर अठ्ठी राहू द्यायची, छक्की मात्र परत.

हे चालायला दोन अटी लागतात. पत्ते धरायचा हात एक, टाकायचा हात एक, आणि एका वेळी एकच पत्ता. दुसरी अट, पत्ता हातातून सुटला तरच तो पडला. बोटाखाली दाबून ‘हा माझा’ म्हणत बसायचं नाही, आणि ढिगावर तळहाताचं छप्पर धरायचं नाही. छप्परवाले प्रत्येक बैठकीत एखादे असतातच. त्यांना मी दोन्ही कोपरं टेबलाच्या कडेच्या मागे ठेवायला लावते, म्हणजे हात ढिगापर्यंत पोचतो पण तिथे मुक्काम करत नाही. आणि हो, अंगठ्या काढून ठेवा. नखं वाढवलेली असतील तर समोरच्याच्या हाताची काळजी घ्या. हे गमतीने लिहीत नाहीये.

टेबलाचाही प्रश्न येतो. गुळगुळीत काचेवरून पत्ता उचलताना बोटं घसरतात, आणि नवे कोरे प्लॅस्टिकचे पत्ते टाकले की थेट पलीकडे पोचतात. जाडसर कापड अंथरा. दोघांनी समोरासमोर बसा आणि मधले ढीग दोघांपासून सारख्या अंतरावर आहेत ना ते बघा. ढीग चार बोटं जरी एकाकडे सरकले, तरी शंभर वेळा हात नेताना तो फरक जमा होत जातो.

आता मुख्य मुद्दा, तुमची हार.

मागे आमच्याकडे एक मुलगा आला. बोटं अशी की पत्ता उचलताना दिसायचा नाही, ठेवलेलाच दिसायचा. पण ओळीने सहा डाव हरला. सातव्या डावाला मी त्याच्या समोर उभी राहून त्याच्या हातांऐवजी डोळ्यांकडे बघितलं. मध्ये पंजी आणि गुलाम होते. त्याच्या हातात डावीकडून राणी, दश्शी, नव्वी, तिर्री, एक्का. पंख्यात पहिली दिसली म्हणून त्याने गुलामावर राणी टाकली, लखकन. मग नजर खाली हातात, राणीवर आता काय बसेल ते शोधायला. तेवढ्यात समोरच्या मुलीने राणीवर राजा टाकला. याच्याकडे एक्का होता, राजावर बसला असता. पण हा अजून हातात गुलाम नाहीतर राजा शोधत होता. राणी केव्हाच गाडली गेली होती. वर बघितलं तेव्हा मुलीचा एक्का राजावर पडलेला होता आणि याचा एक्का हातातच राहिला.

दुसरी चूक तर पहिल्याच पत्त्याला झाली होती. गुलामावर राणीऐवजी दश्शी टाकली असती, तर दश्शीवर लगेच नव्वी गेली असती. न थांबता, न शोधता दोन पत्ते कमी. राणी टाकून त्याने एक पत्ता घालवला आणि पुढची वाट समोरच्याला उघडून दिली.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की हातातले पाच पत्ते एकदा पाहून लक्षात ठेवा आणि नजर मधल्या दोन ढिगांवरून हलवू नका. खाली बघायचं ते फक्त नवा पत्ता उचलताना. पाच सुटे पत्ते लक्षात राहत नाहीत, हे मान्य. पण जोडून ठेवलेले राहतात. वरचा हात पाच पत्त्यांचा नाही. तो ‘नव्वी-दश्शी जोडी, वरती राणी, तिर्री, एक्का’ असा आहे. नवा पत्ता आला की तो पंख्यात कुठेही न खोचता त्याच्या शेजाऱ्यापाशी खोचा. याला वेळ जातो असं वाटेल. जातोच, पण एकदाच जातो. न लावलेल्या पंख्यात दर पत्त्याला नव्याने शोध.

सराव एकट्याने करता येतो. मध्ये दोन पत्ते उलटे करा, पाच पत्ते हातात घ्या, तीनपर्यंत मोजत बघा आणि पंखा मिटून पालथा ठेवा. आता मधले पत्ते बघून तोंडाने सांगा, काय बसेल आणि त्यावर पुढे काय बसेल. मग उघडून पडताळा. रोज दहा मिनिटं, एक आठवडा. वेग वाढवायचा दुसरा कुठलाही सराव मी कुणाला सांगत नाही.

दुसरी अडखळण्याची जागा चित्रांची. आकड्यांत कुणी चुकत नाही, पण दश्शीच्या पुढे गेलं की मेंदू गिअर बदलतो. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का, दुर्री, तिर्री हे सरळ म्हणता येतं सगळ्यांना. उलटं म्हणून बघा. तिर्री, दुर्री, एक्का, राजा… इथे बहुतेकांची जीभ अडकते, आणि जिथे जीभ अडकते तिथेच डावात हात अडकतो. एक्का आणि राजा शेजारी आहेत हे ऐकून माहीत असतं, पण डोळ्यांना ते पटलेलं नसतं. पाढ्यासारखं दोन्ही बाजूंनी घोकल्याशिवाय ते पटत नाही.

नवशिक्यांसाठी एक चलाखी आहे. एकाने मोठा किंवा एकाने लहान म्हणजे समावर नेहमी विषम आणि विषमावर नेहमी सम. गुलाम ११, राणी १२, राजा १३ धरा. मध्ये सत्ती आणि नव्वी असेल तर हातातल्या विषम पत्त्यांकडे बघायचंच नाही. शोध निम्मा झाला. अपवाद एकच, राजा आणि एक्का. दोघंही विषम आणि तरी शेजारी. खेळ अंगात मुरला की ही कुबडी आपोआप सुटते.

आता ज्याला मी खरा खेळ म्हणते तो भाग. पुष्कळ जण स्पीडला नुसती पळापळ समजतात. पण कुठला पत्ता कुठल्या ढिगावर टाकायचा, यातून समोरच्याची कोंडी करता येते. गणित सोपं आहे. मधले दोन पत्ते एकमेकांपासून लांब असतील, समजा पंजी आणि गुलाम, तर चार प्रकारचे पत्ते चालतात: चार आणि सहा, दश्शी आणि राणी. प्रत्येकी ४, म्हणजे १६ पत्ते. पाच पत्त्यांच्या हातात यांतला एकही नसण्याची शक्यता साधारण १३ टक्के. मधले पत्ते सत्ती आणि नव्वी असतील तर अठ्ठी दोन्हीकडे तीच लागते. चालणारे पत्ते १२ उरतात आणि अडण्याची शक्यता २४ टक्क्यांच्या आसपास जाते. आणि दोन्हीकडे सारखाच पत्ता असेल, म्हणजे अठ्ठी आणि अठ्ठी, तर फक्त ८ पत्ते चालतात. पाचातला एकही न चालण्याची शक्यता ४० टक्के.

हे ढोबळ आहे, कारण प्रत्यक्षात काही पत्ते खाली गाडले गेलेले असतात. पण दिशा पक्की आहे. समोरच्याची गड्डी संपली आणि त्याच्या हातात दोनच पत्ते उरले, की हा फरक आणखी बोचतो. ढीग लांब लांब असतील तर दोन्ही पत्ते अडण्याची शक्यता ४६ टक्के, सारखे असतील तर ७०.

म्हणजे करायचं काय? मध्ये सत्ती आणि अठ्ठी आहे, तुमच्याकडे अठ्ठी आणि नव्वी. समोरचा शेवटाला आलाय. अठ्ठी सत्तीवर टाका. दोन्हीकडे अठ्ठी झाली, आणि तिच्यावर बसणारी नव्वी तुमच्या हातात आहे. आता घाई करू नका. समोरचा धडपडतोय का ते एक श्वासभर बघा. तो अडला असेल तर नव्वी लगेच टाकून त्याला नवी वाट देण्याआधी हात भरून घ्या, पुढची साखळी जुळवा, मग टाका. या खेळात क्षणभर थांबणं फायद्याचं ठरतं अशा मोजक्या जागा आहेत, त्यांतली ही एक. तुम्ही मागे असाल तर मात्र हे सगळं उलट. तेव्हा ढीग एकमेकांपासून लांब ठेवा, वाटा जितक्या जास्त तितकं बरं.

यावरून आमच्याकडे एकदा तात्त्विक वाद झाला होता: टाकता येत असताना न टाकणं ही लबाडी आहे का? माझं मत, नाही. ‘अडलं’ असं तोंडाने म्हटलं तर मात्र ते खरं असलं पाहिजे. आम्ही दोघांनी ‘अडलं’ म्हटल्याशिवाय राखीव पत्ते उलटत नाही, आणि म्हटल्यावर कुणाच्या हातात चालणारा पत्ता निघाला तर त्याने आपल्या गड्डीखाली मधल्या ढिगातले दोन पत्ते घ्यायचे. नजरचुकीने झालं तरीही. हा दंड आमच्या घरचा आहे, तुम्ही तुमचा ठरवा.

पत्ते कधी भरायचे, याचं एकच उत्तर नाही. हातात कमी पत्ते म्हणजे कमी वाटा, त्यामुळे लगेच भरावेत असं वाटतं. पण हात गड्डीकडे गेला की नजरही जाते. माझी सवय अशी: साखळी चालू असेल तर संपेपर्यंत भरत नाही, साखळी तुटली की एकदम दोन-तीन उचलते. हातात दोन राहिले तर साखळी असो नसो, भरते. लहान हातांची मुलं पाच पत्ते एका हातात नीट धरू शकत नाहीत, त्यांना पत्ते पुढ्यात उताणे मांडून खेळू द्या. समोरच्याला ते दिसतात, पण बघायला फुरसत कुणाला असते!

तुम्ही चौघं सारख्या ताकदीचे आहात की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. एक जण सतत जिंकत असेल तर त्याच्या गड्डीत १८ आणि समोरच्याच्या गड्डीत १२ पत्ते ठेवा. बेरीज तीसच राहते, मांडणी बिघडत नाही. फरक फार असेल तर जिंकणाऱ्याने डाव्या हाताने खेळावं. डावखुऱ्याने उजव्या.

चौघांचं म्हणाल तर एका कॅटवर चौघांना बसवू नका, पत्ते पुरत नाहीत आणि हात आपटतात. दोन कॅट एकत्र पिसा. १०४ पत्ते. प्रत्येकी ५ हातात आणि १५ गड्डीत, असे ८० गेले. उरले २४: मध्ये चार ढिगांना ४ आणि चार राखीव गड्ड्यांना ५-५, म्हणजे २०. एकही पत्ता उरत नाही, कमी पडत नाही. अडल्यावर प्रत्येकाने आपल्या समोरच्या राखीव गड्डीतला एक उलटायचा. यात गोंधळ चौपट होतो आणि कोंडी करायची सोय जवळजवळ संपते, कारण चार ढीग सारखे करणं कुणाच्याच हातात नसतं. हसायला बरा आहे. कुणी आजारी पडून तिघंच जमलात, तर एक कॅट पुरतो: मध्ये दोन पत्ते, प्रत्येकी १३, त्यांतले ५ हातात आणि ८ गड्डीत, उरलेले ११ दोन राखीव गड्ड्यांत ६ आणि ५. पाचाची गड्डी संपली की सहाच्या गड्डीतला शेवटचा पत्ता एकटाच उलटायचा.

पण तुम्हाला खेळ सुधारायचा असेल तर चौघांत दोघं खेळा आणि दोघं बघा. जिंकणारा बसतो, हरणारा उठतो, तीन डाव ओळीने जिंकले की जिंकणाऱ्यानेही उठायचं. बघणाऱ्या दोघांना एकेक खेळाडू वाटून द्या, आणि त्यांनी पत्ते बघायचे नाहीत; आपल्या खेळाडूची नजर किती वेळा खाली जाते तेवढंच मोजायचं. त्या मुलाची आम्ही मोजली तेव्हा पहिल्या डावात एकतीस भरली होती. तुमची किती भरते ते मोजून कळवा.